इंजिन जपले, आता आवाज जपा

प्रतापनगरच्या रेल्वे वारसा उद्यानात नॅरो गेजची जुनी इंजिने आणि डबे रंगरंगोटी करून मांडले आहेत. बडोद्याला आलेल्या रेल्वेवेड्यांचे पाय हमखास तिकडे वळतात आणि सुट्टीच्या दिवशी मुले पायरीवर चढून फोटो काढून घेतात. हे काम चांगले झाले. एरवी किलोच्या भावाने भंगारात गेले असते ते लोखंड वाचले. पण थंड पडलेले इंजिन म्हणजे अर्धेच इंजिन. उरलेले अर्धे कानाने कळायचे. फाटकापाशी थांबलेल्या माणसाला गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची आणि ती चढावर आहे की उतारावर, भरलेली आहे की रिकामी, हेही त्याला ऐकूनच उमजायचे. तो अर्धा भाग जपायचे शास्त्र आज आपल्या हाताशी आहे. वारशाच्या कामात त्याला मानाची जागा मिळायला हवी.

प्रतापनगर म्हणजे जुने गोया गेट, गायकवाड सरकारच्या रेल्वेचे ठाणे. खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई–मियागाम रस्त्यावर रूळ टाकले तेव्हा गाडी ओढायला बैल जुंपले होते. हिंदुस्थानातल्या कोणत्याही संस्थानाने स्वतःच्या मालकीची रेल्वे काढण्याचा तो पहिलाच प्रसंग. म्हणजे या रेल्वेचा पहिला आवाज खुरांचा होता. वाफेची इंजिने नियमित धावू लागली ती पुढे कितीतरी वर्षांनी, ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर. मग डभोई हे या अरुंद रुळांचे मोठे जंक्शन झाले आणि १९१९ मध्ये प्रतापनगरला दुरुस्तीचा कारखाना निघाला. १९४९ मध्ये संस्थानी रेल्वे विलीन झाली. वाफ गेली, डिझेल आले. मग एकेक मार्ग रुंद होत गेला. जानेवारी २०२१ मध्ये प्रतापनगर ते केवडिया हा विद्युतीकरण झालेला ब्रॉड गेज मार्ग सुरू झाला आणि त्यावर मेमू धावू लागली. खूर, वाफ, डिझेल, वीज असे चार आवाज याच परिसराने लागोपाठ ऐकले. त्यातले पहिले दोन आता फक्त आठवणीत आहेत आणि तिसरा त्याच वाटेवर आहे.

गंमत अशी की वाहनांचे आवाज मुद्दाम तयार करण्याचे काम जगात आज जितके जोरात चालू आहे तितके पूर्वी कधी नव्हते. विजेवर चालणारी मोटार कमी वेगात जवळजवळ नि:शब्द असते. पायी चालणाऱ्याला, विशेषतः दृष्टिहीन माणसाला, ती अंगावर येईपर्यंत कळत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या नियमाने अशा गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज काढायला लावले. ताशी १० ला किमान ५० डेसिबल, २० ला किमान ५६. शिवाय वेग वाढेल तसा स्वरही चढला पाहिजे, ताशी एका किलोमीटरमागे निदान ०.८ टक्के, कारण गाडी वेग घेते आहे की थांबते आहे हे कान स्वराच्या चढउतारावरूनच ओळखतो. आपल्याकडे एआयएस-१७३ हे मानक त्यासाठीच आहे आणि विजेच्या मोटारी, बस व ट्रक यांना ते बंधनकारक करण्याचा मसुदा केंद्रीय परिवहन मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये काढला. मोटारींची ही मानके तयार करण्यात पुण्याच्या एआरएआय या मोटार-संशोधन संस्थेचा मोठा वाटा असतो. हा आवाज कोणता असावा यावर मतभेद होणारच. हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियमचे सूर यावेत अशी कल्पना नितीन गडकरी यांनी २०२१ मध्ये मांडली होती. कर्कश हॉर्नवरचा त्यांचा राग अगदी योग्य आहे. पण रस्ता ओलांडणाऱ्याला सुरावट नको असते. गाडी कुठे आहे, किती वेगात आहे आणि जवळ येते आहे की लांब जाते आहे, एवढे आवाजाने त्याला सांगितले पाहिजे. जुन्या इंजिनांचे आवाज हे सगळे आपसूक सांगत. नवा आवाज रचणाऱ्यांनी आधी त्यांचा अभ्यास करायला हवा, आणि अभ्यास करायचा तर ते आवाज नोंदलेले हवेत.

विजेच्या वाहनाचा आवाज जन्मतःच लिहिलेला असतो. बडोद्याच्या माणेजाला रेल्वेगाड्यांची विद्युत यंत्रणा बनते आणि जवळच सावलीला मेट्रोचे डबे तयार होतात. दिल्ली–मेरठ मार्गावरच्या नमो भारत गाड्याही सावलीच्याच. अशा गाड्या सुटताना जे चढते गुंजन ऐकू येते ते इन्व्हर्टरचे. मोटरला मिळणारी वीज सेकंदाला शेकडो वेळा तोडून जोडली जाते, त्या तोडजोडीचा तो स्वर. ती किती वेळा करायची आणि कोणत्या वेगाला बदलायची हे प्रोग्रॅममध्ये आधीच ठरलेले असते. सीमेन्सच्या टॉरस इंजिनात तर सुटताना चक्क सप्तक चढत गेल्यासारखे ऐकू येई. अशा गाडीचा आवाज पन्नास वर्षांनी पुन्हा हवा असेल तर त्या प्रोग्रॅमवरून तो बराचसा उभा करता येईल. वाफेच्या इंजिनाचा आवाज असा कुणी लिहून ठेवला नव्हता. तो लोखंड, वाफ, कोळसा, रूळ आणि ड्रायव्हरचा हात या सगळ्यांतून त्या त्या क्षणी घडायचा.

तरीही तो आवाज पुन्हा रचता येतो. दोन सिलिंडरच्या इंजिनात वाफ दट्ट्याला आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ढकलते. दोन्ही बाजूंच्या क्रँक एकमेकींशी काटकोनात असतात. त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात वापरलेली वाफ धुराड्यातून चार वेळा बाहेर फेकली जाते. झुक-झुक-झुक-झुक, चार ठोके, एक फेरा. आता चाकाचा व्यास साधारण ८५ सेंटिमीटर धरा, नॅरो गेजच्या छोट्या इंजिनाला तो शोभतो. माणूस चालतो त्या वेगाने, ताशी पाच किलोमीटरने, इंजिन निघाले तर सेकंदाला दोन ठोके पडतात. ताशी २० ला आठ. ताशी ३० च्या पुढे गेले की ठोके सुटे ऐकू येईनासे होतात आणि त्यांची एकच थरथर होते. एवढे गणित शाळकरी मुलगाही करील. संगणकावर ठोक्याचा नुसता ताल बसवायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

खरी अडचण यानंतर सुरू होते. नुसता ताल बसवलेले इंजिन खेळण्यासारखे वाजते. खऱ्या इंजिनाचे चार ठोके कधीच एकसारखे नसतात. झडपांची जुळणी किंचित ढळली की एक ठोका लंगडतो, आणि चांगला फिटर नुसत्या ऐकण्यावरून कोणत्या बाजूची झडप बिघडली ते सांगतो. गाडी सुटताना वाफ जास्त वेळ आत सोडलेली असते, म्हणून ठोका खणखणीत आणि मोठा. वेग धरल्यावर ड्रायव्हर ती लवकर तोडतो, मग तोच ठोका आखूड आणि मऊ होतो. उतारावर वाफ सोडणारा रेग्युलेटर बंद झाला की ठोका नाहीसाच होतो आणि जोडदांड्यांची खळखळ वर येते. म्हणजे आवाजाच्या प्रतिकृतीला दोन आकडे वेगळे द्यावे लागतात, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार. वेग तोच असला तरी भरल्या आणि रिकाम्या गाडीचा आवाज वेगळा येतो. फाटकावरच्या माणसाला जे कळायचे ते हेच.

डिझेलची तऱ्हा निराळी. बडोद्याच्या अरुंद मार्गांवर पुढच्या काळात झेडडीएम-५ जातीची इंजिने धावली. त्यात ठोक्याचा चाकाशी थेट संबंध नाही. ड्रायव्हर नॉच, म्हणजे जोराची पायरी, वाढवतो तसे इंजिन जोरात फिरू लागते आणि चाक नंतर सावकाश त्याच्या मागे येते. सहा सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत उभे असेल तर सेकंदाला ३० स्फोट होतात. तोच त्याचा खर्ज. संगणकावरच्या रेल्वेच्या खेळांत आणि ड्रायव्हरांच्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरमध्ये बहुधा असे करतात की एका नॉचवरचा आवाज टेप करायचा आणि फेरे वाढतील तसा तो वेगाने वाजवून वर चढवायचा. थोडा चढवला तर चालते. फार चढवला की अजस्र इंजिन एकदम छोट्या पंपासारखे किणकिणते. याचे कारण गाणाऱ्यांना चटकन पटेल. गायक षड्जावरून पंचमावर जातो तेव्हा त्याचा गळा, तोंड आणि छाती तीच राहते, म्हणून आवाज त्याचाच वाटतो. टेप वेगाने वाजवली की सुराबरोबर गळाही लहान होतो. इंजिनाचा गळा म्हणजे त्याचा एक्झॉस्ट पाइप, सायलेन्सर, बॉनेटचे पत्रे आणि खालची चौकट. म्हणून प्रतिकृती नीट हवी असेल तर स्फोटांची माळ वेगळी रचायची, या गळ्याचा घुमारा वेगळा मोजायचा आणि मग पहिली दुसऱ्यातून सोडायची.

इथेच प्रतापनगरच्या थंड इंजिनांचे मोल वाढते, कारण घुमारा मोजायला इंजिन चालू असावे लागत नाही. धुराड्याची उंची, ब्लास्ट पाइपचे तोंड, सिलिंडरचा व्यास, चाकाचा घेर हे टेपने मोजता येते. बॉयलरच्या पत्र्यावर, दांड्यांवर, कॅबच्या छतावर मोजणीच्या हातोडीने टोला मारायचा आणि तो किती वेळ, कोणत्या स्वरात घुमतो ते नोंदवायचे. यंत्रांच्या कंपनांचा अभ्यास करणारे इंजिनिअर रोज हेच करतात. वाफेच्या ठोक्यासाठी नात्यातले चालते इंजिन शोधता येईल. कालका–शिमला मार्गावर याच ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर केसी-५२० हे वाफेचे इंजिन खास फेऱ्यांसाठी जपलेले आहे. त्याचा ठोका घ्यायचा, प्रतापनगरच्या इंजिनाची मापे घ्यायची आणि दोन्हींची सांगड घालायची. हे अस्सल ध्वनिमुद्रण नव्हे, हे तिथे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे लागेल. पण पुराव्यावर उभी केलेली प्रतिकृती आणि कुठल्या तरी परदेशी इंजिनाची उसनी शिटी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डिझेलच्या बाबतीत तर सबबच नाही. संस्थानी रेल्वेचाच वारसा असलेला ६३ किलोमीटरचा बिलिमोरा–वघई मार्ग बंद पडण्याच्या बेतात होता, तो सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. डांगच्या जंगलात जाणाऱ्या या गाडीला झेडडीएम-५ इंजिनच जुंपलेले असते. ते चालते आहे तोवर त्याचा प्रत्येक नॉच उभ्याने आणि धावताना नोंदवता येईल. एक मायक्रोफोन एक्झॉस्टपाशी, एक कॅबमध्ये, एक बोगीजवळ, एक रुळापासून दहा पावलांवर, आणि बरोबरीने वेगाची व नॉचची सेकंदासेकंदाची नोंद. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ शेकड्यांनी असतील आणि तेही गोळा करावेत. पण मोबाइल आवाजाची पातळी आपसूक खालीवर करतो. त्यामुळे गाडी जवळ आली तरी आवाज म्हणावा तसा मोठा होत नाही. वेग किती, भार किती, हे कुठेच लिहिलेले नसते. आठवण म्हणून ते ठीक आहे, प्रतिकृती बांधायला ते पुरत नाही.

आणि नुसत्या इंजिनावर भागत नाही. सांध्यावरची खट-खट घ्या. १३ मीटरचा रूळ आणि ताशी ३० चा वेग धरला तर चाक एका सांध्यावरून दुसऱ्या सांध्यावर सुमारे दीड सेकंदात पोचते. मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून गाडीचा वेग सांगणारे प्रवासी याच हिशेबावर सांगत. ब्रॉड गेजवर लांबच लांब वेल्ड केलेले रूळ आले आणि हा ताल गेला. वळणावर चाकाची कड (फ्लँज) रुळाला घासून निघणारी किंचाळी, व्हॅक्यूम ब्रेकचा सुस्कारा, आणि शिटी. अरुंद रुळांचे मार्ग शेतांतून आणि गावांच्या कडेने गेलेले, त्यामुळे फाटके पदोपदी. रुळाकडेला ‘सी/फा’ची (सीटी/फाटक) पिवळी पाटी आली की ड्रायव्हरने शिटी द्यायची असा नियमच. डभोईच्या वाटेवर शेतात राबणाऱ्यांचा दिवस या शिट्यांनी मोजला जाई. त्या शिटीचा स्वरही वाफेच्या दाबाबरोबर हलतो. दाब उतरला की ती किंचित उतरते. हे बारकावे घातले तर ऐकणाऱ्याला इंजिन दमले आहे हेसुद्धा कळते.

प्रतिकृती बरोबर उतरली की नाही, याचा निवाडा यंत्र करणार नाही. ज्याने ते इंजिन हाकले, ज्याने फावड्याने कोळसा टाकला, ज्याने प्रतापनगरच्या कारखान्यात त्याच्या झडपा जुळवल्या, त्याला बसवून ऐकवावे लागेल. तो म्हणेल, ठोका बरोबर आहे पण दांडे फार वाजताहेत. किंवा म्हणेल, सुटताना सिलिंडरच्या नळ्या उघडायचो, ती फुस्स राहिली. अशी माणसे बडोद्यात आहेत आणि त्यांत मराठी घरांतलीही बरीच आहेत. पण देशात वाफ आटली ती नव्वदच्या दशकात. तेव्हाचा पंचविशीतला फायरमन आज साठीच्या आसपास आहे, आणि वय वाढते तसा वरच्या पट्टीचे स्वर ऐकणारा कान आधी मंदावतो. साऱ्या प्रकल्पात थांबायला तयार नसलेली गोष्ट हीच आहे.

इतरांनी हे काम वेळेत केले. ब्रिटनमध्ये पीटर हँडफोर्ड या ध्वनिमुद्रकाने वाफ संपण्याआधीच, १९५० च्या दशकात, रात्री-अपरात्री रुळांकडेला बसून इंजिने टेप केली आणि त्यांच्या तबकड्या लोकांनी विकत घेऊन ऐकल्या. पॅरिसमध्ये पिएर शेफर याने १९४८ मध्ये बातिन्योल स्थानकावरच्या इंजिनांच्या आवाजांतून एक रचना बांधली आणि तिच्यापासून संगीताची एक नवी शाखा निघाली. जपानच्या पर्यावरण खात्याने १९९६ मध्ये जपण्याजोगे शंभर ध्वनिप्रदेश जाहीर केले, त्यांत घंटा, धबधबे आणि पाखरांबरोबर वाफेच्या इंजिनालाही जागा दिली. आपल्याकडे मूर्तिजापूर–अचलपूर–यवतमाळची शकुंतला सत्तर वर्षे वाफेवर धावली आणि १९९४ मध्ये तिचे वाफेचे इंजिन उतरवले गेले. वऱ्हाडात तिच्याबद्दल किती लिहिले गेले! लिहिलेले वाचून तिचा ठोका मात्र ऐकू येत नाही.

बडोद्याने हे काम हाती घेतले तर ते शहराच्या स्वभावाला धरूनच होईल. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली आणि तिथे सूर कागदावर उतरवून शिकवले गेले. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनाचे आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आहे, आणि गायनशाळेचा वारसाही त्याच विद्यापीठाकडे आहे. कंपन मोजणारे आणि सूर ओळखणारे अशी दोन्ही माणसे एकाच विद्यापीठात असल्यावर आणखी काय हवे? एका शैक्षणिक वर्षात दोन-चार विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निम्मे काम उभे राहील. मायक्रोफोन, रेकॉर्डर आणि मोजणीची हातोडी यांचा खर्च एखाद्या इंजिनाला नवा रंग देण्याहून फार मोठा असणार नाही.

याला कुणी हळवेपणा म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. वारसा उद्यानात मुलाने रेग्युलेटरचा दांडा ओढला आणि चार ठोके हळूहळू जवळ आले, तर दट्ट्या, झडप आणि क्रँक यांचे नाते त्याला तिथल्या तिथे कळेल. फलक दहा वेळा वाचूनही ते कळत नाही. दृष्टिहीन पाहुण्याला तर रंगवलेल्या इंजिनाचा उपयोग हात फिरवण्यापुरताच आहे. आवाज ठेवला तर ते उद्यान त्याचेही होईल.

पश्चिम रेल्वेच्या बडोदे विभागाचे मुख्य कार्यालय प्रतापनगरलाच आहे. त्यांनी विद्यापीठाला बरोबर घेऊन तीन गोष्टी कराव्यात: उद्यानातल्या इंजिनांची ध्वनिमापे, बिलिमोरा–वघई मार्गावरच्या डिझेलची संपूर्ण नोंद आणि जुन्या ड्रायव्हर-फायरमन-फिटरांच्या मुलाखती. हे सारे सर्वांना खुले ठेवावे, म्हणजे खेळ बनवणारा तरुण, सिनेमाचा ध्वनिसंयोजक आणि विजेच्या मोटारीसाठी आवाज शोधणारा इंजिनिअर यांना ते वापरता येईल. वाचकांपैकी कुणाच्या घरी वडिलांनी किंवा आजोबांनी प्रतापनगर, डभोई, जंबुसर, छोटा उदेपूर या मार्गांवर टेप केलेली जुनी कॅसेट पडून असेल, तर तिची नक्कल करून घ्या, त्यावर मार्ग, वर्ष आणि इंजिनाचा नंबर आठवेल तसा लिहा आणि फेकू नका. आणि घरात कुणी या गाड्यांवर नोकरी केलेले वडीलधारे असतील, तर येत्या रविवारी त्यांच्यासमोर रेकॉर्डर ठेवून त्यांना एवढेच विचारा, गाडी सुटताना काय काय वाजायचे.